खड्डे खोदण्याआधी ओढे पाहा : गौताळ्याचा आराखडा लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करणारे वनाधिकारी आणि त्यांना साथ देणारे तज्ज्ञ यांस,

विषय : आराखड्यात ओढे, माती आणि झाडी यांना पहिलं प्रकरण मिळावं, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी कन्नड तालुक्यातला शेतकरी. माझं वावर अभयारण्याच्या हद्दीपासून फार लांब नाही आणि विहिरीला येतं ते पाणी वरच्या डोंगराचंच. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, पण नोकरीच्या मागं न लागता शेतीच केली, आणि सवड मिळेल तेव्हा डोंगराच्या वाटा धरल्या. शाळेतली लेकरं, गुराखी, मध काढणारे, पाटणादेवीला पायी जाणारे असे अनेक जण सोबत असायचे. त्या सगळ्यांकडून जे कळलं त्याच्या जोरावर हे लिहितो आहे.

मागणं आधीच सांगून टाकतो. आराखडा आज ना उद्या नव्यानं लिहिला जाणारच. तो लिहिताना अभयारण्यात एकही खड्डा, चर, बंधारा किंवा रोप ठरवण्याआधी प्रत्येक ओढ्याच्या पाणलोटाची नोंद व्हावी. पाणी कुठं निघतं आणि कधीपर्यंत टिकतं, माती किती खोल आणि कसली आहे, आणि त्या मातीवर आज आपणहून काय उगवतं, हे सगळं एकाच नकाशावर यावं. आणि कामं त्या नकाशावरून ठरावीत, रोपांच्या उद्दिष्टावरून नाही.

गौताळा 1986 साली अभयारण्य झालं. सुमारे 260 चौरस किलोमीटरचा हा पट्टा छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरला आहे. नकाशात तो डोंगराची एक रांग दिसतो, पण पाण्याच्या हिशेबानं पाहिलं तर ही सगळी रांग म्हणजे दुभाजक आहे. दक्षिणेच्या उतारावर पडलेलं पाणी शिवना नदीत येतं, तिथून जायकवाडीच्या नाथसागरात, म्हणजे गोदावरीत, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. उत्तरेच्या कड्यावरून उडी घेतलेलं पाणी खानदेशात उतरून गिरणेला आणि पुढं तापीला मिळतं, म्हणजे अरबी समुद्राकडं जातं. पावसाची एकच सर, आणि तिचे थेंब एका धारेवरून दोन समुद्रांना वाटले जातात. मराठवाड्यात जंगल आधीच फार थोडं. त्यातलं इतकं मोठं सलग जंगल नेमकं दोन खोऱ्यांच्या माथ्यावर आहे. लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे ज्या मुलखानं पाहिलं, त्या मुलखात माथ्यावरच्या जंगलाकडं फक्त प्राण्यांचं घर म्हणून पाहणं परवडणारं नाही.

उत्तरेकडची बाजू काय करू शकते हे 31 ऑगस्ट 2021 ला दिसलं. रात्रभर कोसळलेल्या पावसानं कन्नड घाटात दरडी आल्या, धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला आणि खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी घराघरांत, दुकानांत शिरलं. गुरंढोरं वाहून गेली. एवढा पाऊस कोणतंच जंगल पूर्ण पेलू शकत नाही, हे मलाही कळतं. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे, त्याचाही वाटा असणार. पण त्यानंतर डोंगरात गेलो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. एकाच कड्याखालच्या दोन ओघळींची अवस्था वेगवेगळी होती. एकीच्या उतारावर गवत दाट होतं आणि मध्ये धावड्याची झाडी. तिथं दगड सरकले होते, पण माती बहुतेक जागेवर होती. शेजारच्या ओघळीचा उतार घाणेरीनं, म्हणजे लँटाना या बाहेरून आलेल्या काटेरी झुडपानं, भरलेला होता आणि झुडपांखाली जमीन उघडी. तिथं खालचा मुरूम पांढरट पिवळा दिसू लागला होता आणि ओघळीच्या तोंडाशी गाळाचा ढीग. हे माझं दोन ओघळींपुरतं पाहणं. त्यावरून साऱ्या डोंगराचा निवाडा मी करत नाही. पण अशा प्रत्येक ओघळीची नोंद पावसाच्या आधीची आणि नंतरची अशी हाताशी असेल, तर पुढच्या वेळी कुठल्या उताराला हात लावायचा आणि कुठल्या नाही हे अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

आता खडकाकडं वळतो, कारण आपल्याकडं पाण्याची गोष्ट खडकापासूनच सुरू होते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून हे डोंगर झाले. सगळे थर सारखे नाहीत. एक थर घट्ट काळा फत्तर, त्याला फक्त भेगांतूनच पाणी जातं. त्याच्यावरचा किंवा खालचा थर फोडाफोडांचा, सच्छिद्र, सहज झिजणारा. आपण ज्याला मुरूम म्हणतो तो यातूनच होतो. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा, गेरूसारखा चिकण पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी सच्छिद्र थरातून खाली येतं, घट्ट फत्तराला किंवा तांबड्या पट्ट्याला टेकतं आणि पुढं वाट नसल्यानं आडवं चालू लागतं. डोंगराची कूस जिथं तो थर कापते तिथं ते पाझर होऊन बाहेर पडतं. मे महिन्यात समोरच्या डोंगराकडं नीट पाहिलं तर सारा उतार करपलेला असताना एकाच उंचीवर हिरव्या झाडांची तुटक ओळ दिसते. उंबर, करंज, मधूनच एखादा आंबा. ती ओळ म्हणजे पाझरांची ओळ. यंत्र न लावता, पैसा न खर्चता वाचता येणारा हा भूजलाचा नकाशा आहे, आणि तो आधी कागदावर यावा असं मला मनापासून वाटतं.

हे ज्ञान नवं नाही. अभयारण्यातच पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची, ओढ्याच्या दरीत कोरलेली. तिथल्या चौथ्या लेण्याच्या दाराशी पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. डोंगरातून झिरपणारं पाणी खडकात कोरलेल्या नळीतून त्या फण्यांपर्यंत आणण्याची योजना होती. कातळ कुठं पाझरतो, पाणी कुठून आत येईल आणि त्याला कुठून वाट काढून द्यावी, याचा विचार कोरणाऱ्यांनी छिन्नी उचलण्याआधी केलेला होता. तिथला खडक कच्चा आहे आणि पाझरानं बराच झिजला आहे. तरी पाण्याशी झुंजत बसण्यापेक्षा त्याचा माग काढून मग काम करायचं, ही त्यांची रीत मला आजच्या आराखड्यासाठीही योग्य वाटते.

माथ्यावरून खाली उतरू लागलं की माती पावलागणिक बदलते आणि झाडी तिच्या मागोमाग. माथ्यावर आणि कड्याच्या ओठावर बरड. हात घातला तर चार बोटं माती, खाली लगेच मुरूम नाहीतर फत्तर. तिथं सालई उभी राहते. तिची साल कागदासारखी सुटते, बोटानं खरवडली तर डिंकाचा वास येतो. उन्हाळ्यात तिच्यावर एक पान नसतं, आणि नेमक्या त्याच निष्पर्ण फांद्यांवर फुलं येतात. सालईच्या जोडीला मोई, कांडोळ, पिवळ्या फुलांचा गणेर. ही सगळी मऊ लाकडाची, खोडात पाणी धरून राहणारी, थोडक्यात भागवणारी झाडं. एखाद्या परक्या माणसाला हा माथा फेब्रुवारीत ओसाड वाटेल. तो ओसाड नाही. तिथं जेवढं मावतं तेवढं सगळं तिथं आहे.

थोडं खाली, जिथं वरून वाहून आलेली माती दगडांच्या आडोशाला साठते, तिथं धावडा, खैर, टेंभुर्णी, बेल आणि पळस लागतात. खडकाच्या भेगेत मूळ घालून उभा राहणारा अंजनही आहे. आणि इथंच चंदन. चंदनाची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेतात. एकटं चंदन लावलं तर ते नीट वाढत नाही, त्याला शेजार लागतो. चंदनाची चोरी थांबवायला पहारा हवाच, पण चंदन नव्यानं उभं राहावं असं वाटत असेल तर भोवतालची झुडुपंही तेवढीच जपावी लागतील. 'निरुपयोगी झुडूप' म्हणून साफ केलेल्या जागेत चंदनाला आधार मिळणार नाही.

आणखी खाली, दरीच्या पोटात, माती खोल होते आणि काळी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पठारावरच्या सपाट काळ्या रानात अशा भेगांना वैतागतो आपण, पण दरीत त्याच भेगांतून वळवाचं पहिलं पाणी सरळ पोटात जातं.

सगळीकडं एकच 'शुष्क पानझडी वन' असं लिहिलं की हे सगळं एका शब्दात झाकलं जातं. चॅम्पियन आणि सेठ यांचं वनप्रकारांचं 1968 चं वर्गीकरण देशाचं जंगल समजायला फार मोलाचं आहे. पण एका ओढ्याच्या काठी काय लावावं आणि काय लावू नये हे त्यातून कळत नाही. त्यासाठी माथा, उतार आणि दरी वेगवेगळ्या लिहाव्या लागतील.

गवताबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यांत जास्त अन्याय त्याच्यावर होतो. सरकारी कागदात आणि आपल्या बोलण्यातही गवताळ उतार म्हणजे 'मोकळी जागा'. मोकळी म्हणजे झाडं लावायला उपलब्ध. आमच्या डोंगरात कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल ही गवतं मातीनुसार जागा धरून असतात. कुसळी हलक्या बरडावर, मारवेल जरा खोल ओलीत. कधी तरी दिवाळीनंतर कुसळीचं एक पिकलेलं कुसळ घ्या आणि ओल्या तळहातावर ठेवा. त्याचा लांब केस ओल लागताच पीळ उलगडत फिरू लागतो, आणि टोकाचं बी तळहातावर टोचत पुढं सरकतं. जमिनीवर हेच होतं. दिवसा ऊन, रात्री दव, प्रत्येक वेळी केस वळतो आणि उलगडतो, आणि बी गिरमिटासारखं भेगेत घुसत जातं. पुढच्या वर्षीचं गवत ते स्वतःच पेरतं. त्याच्या मुळांचं जाळं बोटभर मातीला असं धरून ठेवतं की मुसळधार सरीतही उतारावरून निवळ पाणी येतं. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती जाऊ नये म्हणून बरडावर गवतासारखा दुसरा इलाज नाही.

अशा उतारावर रोपांसाठी खड्डे घेतले की काय होतं? गवताचं जाळं तुटतं, खालचा मुरूम वर येतो, आणि त्या उकरलेल्या मातीत पहिली येते ती रानतुळस आणि काँग्रेस गवत. रोप जगलं तर झाड होईल, नाही जगलं तर उकरलेला खड्डा तसाच राहतो आणि तण मात्र कायमचं. राज्यात 2016 ला दोन कोटी, 2017 ला चार कोटी, 2018 ला तेरा कोटी आणि 2019 ला तेहतीस कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली गेली. त्या मोहिमांत मनापासून राबलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या श्रमांबद्दल मला आदर आहे. पण आकडा कोटीत असला की सोपी जागा आणि सोपं रोप शोधलं जातं. सोपी जागा म्हणजे गवताळ माळ. सोपं रोप म्हणजे गुरं तोंड लावत नाहीत ते, म्हणजे ग्लिरिसिडिया. शेताच्या बांधावर, खतासाठी, ते उपयोगाचं आहे, मीही लावलं आहे. अभयारण्याच्या उतारावर मध्य अमेरिकेतल्या त्या झाडाचं काही काम नाही. माझी विनंती आहे की गवताळ उतार आराखड्यात 'गवताळ' म्हणूनच नोंदवावेत, त्यांना स्वतःचं नाव आणि संरक्षण मिळावं, आणि तिथं रोपांचा आकडा शून्य असला तरी ते काम पूर्ण झालं असं धरलं जावं. चारा म्हणून हे गवत कापून न्यायची सोय हद्दीलगतच्या गावांना मिळाली तर वणव्याची भीतीही कमी होईल. वाळकं गवत उभं राहिलं की वणवा अडवायच्या जाळरेषा कितीही नीट घेतल्या तरी एका विडीचं निमित्त पुरतं.

आता ओढे.

ओढ्याच्या काठची झाडी डोंगरातल्या इतर झाडीपेक्षा वेगळी आहे. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, वाळुंज. यांची मुळं काठ धरतात. करंजाची मुळं तर धोंड्यांना मिठी मारून पाण्यात उतरलेली असतात आणि त्यांच्या कपारीत खेकडे राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ओढा वाहायचा थांबतो, पण वळणावरचे डोह राहतात. डोह का राहतो? एक तर खाली घट्ट फत्तराची परात असते, दुसरं म्हणजे काठच्या पाझरातून थोडं थोडं पाणी येत राहतं, आणि तिसरं, वर सावली असते. यातली एकही गोष्ट गेली की डोह जातो. एप्रिलच्या दुपारी अशा डोहाशी बसून पाण्यातलं एखादं कुजलेलं पान उलटं करून पाहा. खाली चतुराची पिल्लं, पाणकिडे, बोटाएवढे मासे. सगळं जगणं त्या पानांवर चाललेलं असतं. पानगळ होणारी झाडी काठावर नसेल तर डोहात नुसतं पाणी राहील, जीव नाही.

हे मी इतकं तपशिलानं सांगतो आहे त्याला कारण आहे. अभयारण्याबाहेर, आमच्याच शिवारात, काही वर्षांपूर्वी ओढ्याचं खोलीकरण झालं. हेतू चांगलाच होता, गावानंही ते मागितलं होतं. यंत्रानं ओढा सरळ केला, रुंद केला, वळणं काढून टाकली. काठचे जुने करंज आडवे झाले. एका जागी खोदता खोदता खालचा घट्ट थर फुटला. पहिल्या पावसाळ्यात भरलेला ओढा पाहून सगळ्यांना आनंद झाला. दिवाळीनंतर पाणी उतरू लागलं ते थांबेना. जो डोह पूर्वी होळीपर्यंत टिकायचा तो पौषातच कोरडा पडला. दुसऱ्या पावसाळ्यात काठ ढासळून ओढ्यात आला आणि खोलीकरण केलेला निम्मा भाग पुन्हा गाळानं भरला. करंज मात्र परत आले नाहीत. काळ्या मातीच्या सपाट शिवारात, खाली मुरमाचा जाड थर असेल तिथं, अशा कामाचा फायदाही झालेला मी पाहिला आहे. म्हणूनच म्हणतो की काम वाईट नसतं, जागा चुकते. आणि जागा चुकू नये यासाठी आधी खालचा थर माहीत हवा.

अभयारण्याच्या आत ही चूक परवडणार नाही. तिथं वन्यप्राण्यांसाठी पाणवठा म्हणून सिमेंटचा बंधारा घालायचा विचार येतो तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या डोहांचं काय होईल, हे आधी लिहिलं जावं. वर एक मोठा पाणवठा झाला आणि खालचे पाच लहान डोह आटले, तर प्राणी एकाच जागी गोळा होतील. शिकार करणाऱ्याला तेच हवं असतं. शिवाय बंधाऱ्यामागं गाळ साठतो, तो उपसायला पुन्हा यंत्र आणि यंत्राला रस्ता. त्यापेक्षा पाझराच्या वरच्या उतारावरचं गवत राखलं, आणि आडव्या पडलेल्या फांद्या-दगडांचे लहान अडथळे ओघळीच्या अगदी माथ्याशी घातले, तर खर्चही कमी आणि ओढ्याच्या अंगाला हातही लागत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 मध्ये अधिवासाची नासधूस तर मना आहेच, पण अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं किंवा वाढवणंसुद्धा परवानगीशिवाय मना आहे. कायदा करणाऱ्यांनी वाघ-बिबट्याच्या कायद्यात ओढ्याचा वेगळा उल्लेख केला, हे आपण विसरू नये. प्रवाह बदलला की नाही हे कळायला मुळात प्रवाह किती होता याची नोंद लागते. ती नसेल तर कलम कागदावरच राहील.

घाणेरीबद्दल थोडक्यात. ती काढायलाच हवी, यात दुमत नाही. पण उतारावर यंत्र घालून ओरबाडू नये. जमिनीखाली मुळाच्या गाठीच्या खालून कापून झुडूप उलटं ठेवलं तर ते फुटत नाही आणि माती हलत नाही. आणि काढल्यावर त्याच आठवड्यात त्याच डोंगरातल्या गवताचं बी तिथं पडलं पाहिजे, नाहीतर मोकळ्या जागेत रानतुळस येऊन बसते. आधी पाझरांच्या वरचे उतार घ्यावेत, मग बाकीचे.

नोंदी कशा करायच्या, याबद्दल माझ्या काही सूचना आहेत. दर बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजले जातात. हौशी लोक लांबून येतात, रात्रभर जागतात. त्याच रात्री, त्याच पाणवठ्यावर, खुणेची काठी रोवून पाण्याची खोली लिहावी, काठावर कोणती झाडं आहेत ते लिहावं आणि ठरलेल्या एकाच दगडावरून फोटो काढावा. वेगळा खर्च नाही, माणसं तिथं आहेतच. दहा वर्षांत प्रत्येक पाणवठ्याची अशी कुंडली तयार होईल की तिच्याशी कुणाला वाद घालता येणार नाही. पाऊस मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या आकड्यावर भागवू नये. कड्यावर आणि कड्यामागं पडणाऱ्या पावसात फार फरक असतो. वनरक्षकांच्या चौक्यांवर साधी पर्जन्यमापकं बसवली तरी पुष्कळ झालं. मातीसाठी कॉलेजच्या मुलांना सोबत घ्या. माथा, उतार आणि दरी अशा तिन्ही जागी हातभर खोदून खोली, रंग, दगडाचं प्रमाण लिहायला प्रयोगशाळा लागत नाही, आणि खोदलेलं पुन्हा बुजवून टाकता येतं.

आणि गुराख्यांना विचारा. कुठला पाझर कधीपर्यंत टिकतो, कुठं पांढरी माती लागते, कुठल्या वळणाला गुरं चिखलात रुततात, कुठल्या उतारावर पूर्वी पवन्या होता आणि आता नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. प्रत्येक ओघळीला, खोरीला, डोहाला त्यांच्याकडं नाव आहे. ती नावं नकाशावर यावीत. चराईच्या प्रश्नावर वनखातं आणि ही माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर उभी राहिली आहेत. नोंदीच्या कामात ती एकत्र बसली तर त्या प्रश्नावर बोलणंही जरा सोपं होईल, असा माझा विश्वास आहे. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याखाली गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या असायला हव्यात. आराखड्याचं पथक गावात आलं की त्या वह्या उघडून पाहाव्यात, अपुऱ्या असतील तर गावासोबत बसून पुऱ्या कराव्यात. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं अभयारण्याचा कारभार आराखड्यानुसारच चालावा असं ठरवलं आहे, आणि जिथं वनहक्क कायदा लागू होतो तिथं ग्रामसभेशी विचारविनिमयही सांगितला आहे. ही सल्लामसलत आराखडा छापून झाल्यावर सही घेण्यापुरती नको. ओढ्याच्या काठानं सोबत चालून व्हावी.

2021 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ चालत गौताळ्यात आला तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. तो आला याचा अर्थ वाट अजून शाबूत आहे. त्याचं पोट भरायला चितळ-नीलगायी हव्यात, त्यांना गवत आणि डोह हवेत. म्हणून वाघासाठी जो पैसा येईल त्यातला काही भाग मातीच्या आणि पाझरांच्या नोंदीला द्यावा, असं मी आग्रहानं म्हणतो.

यावर 'मनुष्यबळ नाही, वेळ नाही' असं उत्तर येऊ शकतं, आणि ते खरंही आहे. एका वनरक्षकाकडं किती क्षेत्र असतं हे आम्ही पाहतो. म्हणून सगळ्या 260 चौरस किलोमीटरचा नकाशा एकदम मागत नाही. सुरुवात दोन ओढ्यांनी करा. एक दक्षिणेकडचा, शिवनेला मिळणारा. एक उत्तरेकडचा, कड्यावरून खानदेशात उतरणारा. दोन्हींची उगमापासून हद्दीपर्यंत एक पावसाळा आणि एक उन्हाळा अशी नोंद होऊ द्या. तोवर त्या दोन पाणलोटांत नवे खड्डे, चर आणि बंधारे थांबवा. त्या नोंदी मराठीत, सगळ्यांना वाचता येतील अशा, गावच्या चावडीवर लावा. मग पुढचे ओढे कसे घ्यायचे ते आपण मिळून ठरवू.

दक्षिणेकडच्या ओढ्यासाठी आमच्या गावातली जाणती माणसं आणि कॉलेजात जाणारी पोरं सोबत यायला तयार आहेत. मृगाच्या आधी एक फेरी झाली तर आटलेल्या ओढ्यात कोणते डोह उरतात ते कळेल, आणि आषाढात दुसरी झाली तर पाझर कुठं फुटतात ते. तारीख आपण कळवावी, भाकरी-पाण्याची व्यवस्था आमच्याकडं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कन्नड तालुक्यातील एक शेतकरी